नाकाचा कौल

पणींनीं लपविलेल्या गाईंचा माग काढीत रसा नदीपलीकडे गेलेल्या सरमेची वैदिक कथा मुलांना सांगतांना मला हटकून अमेरिकेंतील मॅटी आठवते. मॅटी ही लॅब्रॅडॉर जातीची काळी कुत्री. कनेक्टिकट राज्याच्या पोलिसांनीं १९८६ सालीं तिला जळितांच्या तपासावर नेमिलें. मुद्दाम आग लावण्यासाठीं ओतलेल्या पेट्रोल-रॉकेलचा वास राखेंतून हुडकणें, हें तिचें काम.

अशा कुत्र्यांची शिकवणूक मोठी कडक असते. वास ओळखून जागेवर बसावें, तेव्हांच घांस मिळावयाचा! जळालेले गालिचे आणि प्लॅस्टिक यांतूनहि तेलासारख्या वाफा निघतात. त्या गोंधळांतून नेमका वास निवडणें हीच खरी विद्या. म्हणूनच शिक्षकाला रोज उजळणी घ्यावी लागते.

परंतु नाक कितीहि तीक्ष्ण असलें, तरी त्याची साक्ष पुरेशी मानावी काय? जॉर्जिया राज्यांत १९९३ सालीं एका घरास आग लागून गृहिणी मरण पावली व पतीवर खुनाचा आरोप आला. कुत्र्यानें जागा दाखविल्या. पण तेथील नमुन्यांत प्रयोगशाळेला तेलाचा अंश आढळला नाहीं. तरीहि कुत्र्याचा कौल ज्यूरीपुढें ठेवण्यांत आला आणि पतीस शिक्षा झाली. १९९७ सालीं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें ती रद्द केली. प्रयोगशाळेनें दुजोरा न दिलेला असा कौल प्रमाण मानूं नये, असें आतां तेथील अग्नितपासाची मार्गदर्शिकाहि सांगते.

मला यांत त्या मुक्या जिवाचा दोष दिसत नाहीं. तो जागा दाखवितो, निकाल देत नाहीं. त्याच्या बसण्यालाच निकाल समजणारीं माणसें मात्र दोषी होत.

मोठ्या कुटुंबांत नांदणाऱ्या भगिनींस हें निराळें सांगावयास नको. घरांत एखादा दागिना दिसेनासा झाला, कीं कोणाचें तरी नाक मोलकरणीकडे वळतेंच! अशा वेळीं माझ्या सासूबाई आधीं घरांतील सर्व फडताळें व ट्रंका उघडावयास लावीत, आणि तोंवर कोणाचें नांव घेऊं देत नसत. प्रयोगशाळा त्यांनीं कधीं पाहिली नव्हती. परंतु संशय आणि पुरावा यांच्यामध्यें किती अंतर आहे, हें त्या पुरतें जाणून होत्या.