एक पाण्यात, एक काठावर

मुलांनो, मालवणला गेलात की काय बघता? सिंधुदुर्ग किल्ला! होडीतून जायचं, तटावरून फिरायचं, शिवरायांच्या हातापायाचे ठसे बघायचे आणि परतायचं. पण या किल्ल्याभोवती पाण्याखाली दुसरंच एक गाव आहे, ठाऊक आहे? खडक, त्यांवरची पोवळी आणि त्यांत लपाछपी खेळणारे रंगीत मासे. 1987 सालापासून इथे सागरी अभयारण्यच आहे.

ते गाव बघायचं तर पाठीला टाकी बांधून उतरावं लागतं. याला म्हणतात स्कूबा डायव्हिंग. टाकीत ऑक्सिजन असतो असं माझ्या वर्गातली मुलं हमखास सांगतात. छे! तुमच्या-आमच्या नाकातली साधी हवाच असते, खूप दाबून भरलेली. दहा मीटर खाली गेलं की अंगावरचा दाब दुप्पट होतो. मग त्या हवेतला नायट्रोजन रक्तात जास्त विरघळतो. घाईने वर आलात, तर सोड्याची बाटली फसकन उघडल्यासारखे त्याचे बुडबुडे होतात. पोटातल्या बाळाला त्यांचा धोका असू शकतो, म्हणून बाळ होणार असलं की आईने पाण्याखाली जायचंच नाही. मीही गेले नाही.

आता आमची चिमी अकरा महिन्यांची आहे. डॉक्टरांनी तपासून परवानगी दिली, तेव्हा आजी म्हणाल्या, "लेकरू लहान आहे, आता कशाला गं ते पाण्यात शिरणं?" प्रश्न रास्तच होता. फक्त चिमीच्या बाबांना तो कोणी विचारला नाही, बरं का!

पाण्यात एकट्याने उतरायचं नसतं, जोडीदार लागतो. पूर्वी मी आणि बाबा एकमेकांचे जोडीदार होतो. आता ते जमणार कसं? दोघंही पाण्याखाली गेलो, तर वर चिमीजवळ कोण? म्हणून आम्ही ठरवलं, एका वेळी एकानेच जायचं. जोडीला तिथले शिकवणारे दादा. पूर्वी दिवसाला दोन-तीन बुड्या मारायचो, आता एकच. तीही दहा मीटरच्या आत.

चिमीला दूध पाजून मी होडीत बसले. खाली पोचल्यावर दादांनी अंगठा आणि तर्जनीचं कडं करून दाखवलं. म्हणजे "ठीक?" मीही कडं केलं. नुसता अंगठा वर करायचा नाही हं, पाण्याखाली त्याचा अर्थ "छान" नव्हे, "वर चला" असा होतो! आणि श्वास कधीच रोखायचा नाही. वर येताना छातीतली हवा फुगते, ती बाहेर पडायला वाट हवी. पट्ट्यापट्ट्यांचे मासे अगदी नाकासमोरून गेले. तरी माझं लक्ष सारखं हातातल्या घड्याळाकडे.

आम्ही घाटावरची माणसं. बुडी मारून त्याच दिवशी उंचावर जायचं नसतं, आणि आमच्या वाटेवरची आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे 690 मीटर उंच. विमानासाठी तर एका बुडीनंतर निदान 12 तास थांबायला सांगतात. म्हणजे मुक्काम वाढला. चिमीला काय, वाळूच वाळू!

दुसऱ्या दिवशी बाबांची पाळी. होडी सुटली तशी चिमीने भोकाड पसरलं. मी तिला कडेवर घेऊन धक्क्यावर उभी राहिले. बाबांनी होडीतून हाताचं कडं करून विचारलं. मी चिमीकडे बघितलं, आणि कडं करून दाखवलं.