सुई एकाची, आजार अनेकांचा

भिलाईच्या सेक्टरमधले एखादे क्वार्टर डोळ्यांपुढे आणा. १९५९ मध्ये सोव्हिएत रशियाच्या मदतीने उभ्या राहिलेल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी पेटली आणि विदर्भातून नोकरीसाठी आलेली कितीतरी मराठी कुटुंबे इथलीच झाली. अशाच एका घरातली आई धुणे भिजवताना धाकट्याच्या पँटचे खिसे चाचपते. हाताला इंजेक्शनच्या दोन रिकाम्या कुप्या लागतात. भर उकाड्यातही तो पूर्ण बाह्यांचा शर्ट का घालतो, हे तिला त्या क्षणी उमगते. तोंडून पहिले शब्द निघतात, ‘‘लोकांना कळलं तर?’’

या भीतीतच मोठा धोका दडला आहे. सापडू नये म्हणून मुलगा स्वतःची सुई जवळ बाळगत नाही. दुकानात मागायची त्याला लाज वाटते. मग कुठेतरी आडोशाला, घाईघाईत, मित्राचीच सुई वापरली जाते. पहिले इंजेक्शन तर बहुधा दुसऱ्याच्याच हातून टोचलेले असते. नशेसाठी घेतल्या जाणाऱ्या वेदनाशामक इंजेक्शनांचा अंमल लवकर उतरतो, म्हणून दिवसातून अनेकदा टोचणे आले. जितक्या वेळा टोचणे, तितक्या वेळा उसनी सुई.

सुईत उरलेले रक्त डोळ्यांना दिसतही नाही. पण तेवढ्यातून एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी यांचे विषाणू दुसऱ्याच्या शरीरात शिरतात. ‘सी’चा विषाणू सिरिंजमध्ये कित्येक आठवडे टिकू शकतो. नुसत्या पाण्याने सुई धुऊन भागत नाही. ‘सुई माझी वेगळी आहे’ म्हणणाराही सुरक्षित नसतो; औषध कालवायचा चमचा, पाणी किंवा गाळायचा कापूस सामाईक असला तरी लागण होऊ शकते. शिवाय एचआयव्ही आणि ‘बी’ शरीरसंबंधातून बायकोपर्यंत पोचतात. तिचा बिचारीचा यात काय दोष?

केंद्र सरकारच्या २०१९ च्या अहवालानुसार देशात सुमारे ८.५ लाख माणसे सुईने नशा करतात. तीही कुणाच्या तरी घरातलीच आहेत.

कारखान्यात अपघात झाला, तर आधी जखमीवर उपचार होतात, चौकशी मागाहून. घरातही तसेच व्हावे. सरकारी रुग्णालयात या तिन्ही विषाणूंची तपासणी करून घ्यावी. लागण नुकतीच झाली असेल तर ती लगेच दिसत नाही. म्हणून डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा तपासावे. ‘बी’ला लस आहे. ‘सी’ला लस नाही, पण साधारण तीन महिन्यांच्या गोळ्यांनी बहुतेक रुग्ण बरे होतात. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात हे उपचार मोफत आहेत. एचआयव्ही पूर्ण बरा होत नसला, तरी रोजच्या औषधांनी ताब्यात राहतो. व्यसन एका दिवसात सुटत नाही. तोवर नव्या सुया देणारी आणि जिभेखाली ठेवायची पर्यायी गोळी देणारी केंद्रेही एड्स नियंत्रण कार्यक्रमात आहेत. १०९७ या क्रमांकावर माहिती मिळते.

संध्याकाळी मुलगा घरी येईल. आईने कुप्या पदराआड लपवू नयेत, की त्याच्या तोंडावर फेकूही नयेत. ताट वाढावे, जवळ बसावे आणि एवढेच म्हणावे, ‘‘रागवत नाही रे. सुई कुणाची होती, तेवढं सांग. उद्या आपण दोघं दवाखान्यात जाऊ.’’