झुंबराचे सहा हात

एखादी कथा किंवा चित्र 'हुबेहूब उतरले आहे', असे आपण सहज म्हणून जातो. या शब्दांत एक गृहीतक दडलेले असते: वास्तव समोर तयारच होते, कलावंताने ते केवळ उतरवून घेतले. साहित्यातील वास्तववादाची चर्चा करताना हे गृहीतक आम्हांला नेहमीच खटकत आले आहे. त्याची एक रीतसर तपासणी चित्रकलेच्या प्रांतात, तीही संगणकाच्या साहाय्याने झाली, म्हणून तिच्याविषयी लिहावेसे वाटते.

यान व्हॅन आयक याने १४३४ साली रंगविलेले 'आर्नोल्फिनी दांपत्य' लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्यात पतिपत्नींच्या मागे, वरच्या बाजूस, सहा हातांचे पितळी झुंबर लटकते. त्यावरची चकाकी इतकी अस्सल आहे की चित्रकार डेव्हिड हॉकनी यांना ती केवळ नजरेच्या बळावर साधली असेल हे पटेना. २००१ साली 'सीक्रेट नॉलेज' या ग्रंथात त्यांनी सिद्धान्त मांडला: १४३०च्या सुमारास युरोपीय चित्रकलेत यथार्थतेची जी झेप दिसते, तिच्यामागे आरसे आणि भिंगे आहेत. अंतर्गोल आरशाने पाडलेल्या प्रतिमेवरून चित्रकार रेषा गिरवीत असत. भौतिकशास्त्रज्ञ चार्ल्स फाल्को यांची त्यांना साथ होती.

डेव्हिड स्टॉर्क आणि अँटोनियो क्रिमिनिसी यांनी हा दावा संगणकावर तपासला. झुंबराचे सहाही हात एकाच घडणीचे मानले, तर आरशाने पाडलेल्या प्रतिमेत ते वेगवेगळे दिसले तरी यथादर्शनाच्या नियमांनी एकावरून दुसऱ्याचा आकार काढता आला पाहिजे. त्यांनी एका हाताची आकृती गणिताने फिरवून दुसऱ्यावर बसवून पाहिली. ती नीट बसेना. उलट, आजच्या एका ब्रिटिश चित्रकाराने कोणत्याही साधनाविना काढलेले झुंबर याच कसोटीला चांगले उतरले.

प्रकाशाचीही अशीच परीक्षा झाली. जॉर्ज द ला टूर या सतराव्या शतकातील फ्रेंच चित्रकाराने सुताराच्या कामाच्या जागी बाल येशू आणि जोसेफ रंगविले आहेत. येशूच्या हातात मेणबत्ती आहे. खरा प्रकाश चित्राबाहेरून आला असावा, असे हॉकनी यांचे म्हणणे. स्टॉर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या दृश्याची त्रिमितीय प्रतिकृती संगणकात उभी केली आणि दिव्याची जागा बदलून पाहिली. चित्रातील छायाप्रकाशाशी अधिक मेळ बसला तो मेणबत्तीच्याच जागेचा.

अर्थात या निष्कर्षांनाही मर्यादा आहेत. हाताने घडविलेल्या झुंबराचे सहा हात तंतोतंत सारखे असतीलच असे नाही, हा आक्षेप योग्यच आहे. संगणक उत्तर देतो ते आपण पुरविलेल्या गृहीतकांच्या आत राहूनच. शिवाय उद्या आरशाचा वापर सिद्ध झाला, तरी व्हॅन आयकचे मोठेपण आमच्या लेखी कमी होणार नाही. आरसा प्रतिमा पाडतो. रंग कोठे गडद करावा, हे तो सांगत नाही.

आम्हांला मोलाचे वाटते ते निराळेच. जवळजवळ सहा शतके रसिकांनी हे झुंबर खरे मानले. त्याचे यथादर्शन काटेकोर नाही, हे कळल्यावरही ते खोटे वाटत नाही. म्हणजे आपला विश्वास मोजमापावर बसलेला नव्हताच. पितळेवर नेमक्या जागी ठेवलेला उजेड, सहांपैकी एकच जळती मेणबत्ती, अशा निवडींवर तो बसला होता. कादंबरीतील वाड्याचा नकाशा काढायला बसलो, तर कित्येकदा जिना भलत्याच भिंतीला लागतो. पण वाचताना त्याच जिन्यावरच्या पावलांचा आवाज आपल्याला ऐकू येतो. 'हुबेहूब' ही दाद देताना आपण नकलेचे कौतुक करतो की निवडीचे, एवढा प्रश्न प्रत्येक वाचकाने स्वतःला विचारावा. वास्तववादाच्या अभ्यासाला आरंभ येथूनच करावा, असे आम्हांला वाटते.