पन्नास दिवस, एकोणतीस रोजे

गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, एमबीए प्रवेशाची राज्य सीईटी १, २ आणि ३ एप्रिलला होती. माझ्या प्रवेशपत्रावर १ एप्रिल, सकाळची पाळी, केंद्र अमरावती असे आले. रमजानचा पहिला रोजा २ मार्चला झाला होता, म्हणजे एकोणतिसावा ३० मार्चला. त्या संध्याकाळी चाँद दिसला तर ईद ३१ ला आणि परीक्षा बासी ईदला. नाही दिसला, तर परीक्षा ऐन ईदच्या सकाळी.

मी अकोल्यात एका डाळ मिलमध्ये हिशेबाचे काम पाहते. बी.कॉम. होऊन सात वर्षे झाली. घरात हे, अम्मी म्हणजे माझ्या सासूबाई, आणि चार वर्षांची लेक. माहेर अमरावतीचे. मिलमध्ये माझ्यानंतर आलेली मुले एमबीएच्या जोरावर पुढे गेली आणि मी त्याच टेबलावर राहिले, तेव्हा मनात आले की आता नाही तर कधीच नाही.

फीचा प्रश्न होता. पण जुलै २०२४ मध्ये शासनाने निर्णय काढला होता. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल आणि मुलगी ओबीसी, ईडब्ल्यूएस किंवा एसईबीसी प्रवर्गातली असेल, तर केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून मिळालेल्या व्यावसायिक शिक्षणाच्या जागेवर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. आपल्याकडच्या बागवान, तांबोळी, पिंजारी अशा अनेक बिरादऱ्या ओबीसीत आहेत, हे कितीतरी घरांना माहीत असूनही कागद मात्र काढलेले नसतात. माझेही नव्हते. जातीचा दाखला वडिलांकडून येतो आणि ओबीसीसाठी १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. अब्बांनी माझ्या दादांच्या शाळेच्या रजिस्टरमधली नोंद शोधून काढली. जात वैधतेचा अर्ज आणि नॉन-क्रीमी लेयर यांची धावपळ त्यांनी अमरावतीत केली. आता जागा मिळवायची तर गुण माझे मलाच मिळवायचे होते. मॅनेजमेंट कोट्यातली जागा आम्हाला परवडणारी नव्हती.

अभ्यासाला खऱ्या अर्थाने बसले ती १० फेब्रुवारीला. मोजून पन्नास दिवस हाती होते. पैकी एकोणतीस रमजानचे.

पहिल्या दहा दिवसांत मी शाळेतल्यासारखा अभ्यास केला. धाकट्या भावाने दिलेले जाडजूड पुस्तक पहिल्या पानापासून उघडले आणि दहा दिवसांत दोन धडे संपवले. नंतरच्या रविवारी अमरावतीला गेले. एसटीत महिलांना अर्धे तिकीट असल्याने दर रविवारचे जाणे-येणे परवडत होते. रस्ताही आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. २०२२ च्या जूनमध्ये अमरावती-अकोला मार्गावर ७५ किलोमीटरचे डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत करून गिनीज विक्रम झाला, तो हाच रस्ता. आधी याच रस्त्यावर खड्डे मोजत जावे लागे, आता बसमध्ये शब्दार्थांची वही वाचता येते.

भावाने घड्याळ लावून मला सराव परीक्षेला बसवले. २०० प्रश्न, १५० मिनिटे, म्हणजे एका प्रश्नाला ४५ सेकंद. मी ११२ प्रश्न सोडवले आणि वेळ संपली. उरलेले ८८ कोरे.

तो म्हणाला, "आपा, चुकीच्या उत्तराला इथे गुण कापत नाहीत. कोरे कशाला ठेवलेस? आणि हा एक प्रश्न सोडवायला तू पाच मिनिटे घेतलीस. तेवढ्यात सहा प्रश्न झाले असते."

मग त्याने कागदावर मांडणी लिहून दिली. तार्किक क्षमतेचे ७५ प्रश्न, आकृत्यांचे २५, गणिताचे ५०, इंग्रजीचे ५०. मी गणितावर सगळे दिवस घालवत होते आणि सर्वांत मोठा भाग उघडलाही नव्हता. गणितात टक्केवारी, नफा-तोटा, सरासरी मला येतच होते. एका क्विंटल तुरीतून सत्तर किलोच्या आसपास डाळ उतरते, बाकी चुनी आणि टरफल, हा हिशेब मी रोजच करते. त्याने ते धडे बाजूला ठेवायला लावले. आयआयएमच्या कॅट परीक्षेत तीन भाग, प्रत्येकी ४० मिनिटे, आणि पर्यायी प्रश्नांत चुकीला एक गुण वजा. तिथे अंदाज महागात पडतो. इथले गणित वेगळे. प्रश्न येत नसेल तर सोडून पुढे जा, आणि शेवटच्या पाच मिनिटांत एकही गोल रिकामा ठेवू नकोस, एवढेच त्याचे सांगणे.

रमजान सुरू झाला आणि माझे वेळापत्रक दोन दिवसांत कोलमडले. भावाने फोनवर सांगितले, "दोन दिवस दर अर्ध्या तासाला काय केलेस ते लिहून ठेव." मी लिहिले. पहाटे चारपासून सहरीचा स्वयंपाक. मग मिल. संध्याकाळी पाचला घरी आले की इफ्तारची तयारी. भजी, समोसे, दहीवडे, फळांची चाट, सरबत. इफ्तारनंतर भांडी, पुन्हा जेवण, पुन्हा भांडी. दोन दिवसांची बेरीज केली तेव्हा स्वयंपाकघरात रोजचे साडेतीन तास निघाले. अभ्यास पंचवीस मिनिटे. कुरआनची तिलावत दहा मिनिटे. सर्वांत जास्त शरम मला त्या दहा मिनिटांची वाटली.

आजवर माझ्या मनात एक बोच होती, की रमजानमध्ये परीक्षेचा अभ्यास करणे म्हणजे इबादतीच्या वेळेची चोरी. कागद पाहिल्यावर कळले, इबादतीचा वेळ अभ्यासाने नेलेला नव्हता. तो कढईत गेला होता.

अम्मींना हे सांगायला दोन दिवस धीर झाला नाही. त्यांच्या हातचे दहीवडे मोहल्ल्यात प्रसिद्ध आहेत. शेवटी तो कागद त्यांच्यासमोर ठेवला आणि म्हटले, "अम्मी, मला अभ्यासाला दीड तास हवा आहे. पण नमाज आणि तरावीहमधून काढायचा नाही." त्यांना वाचता येते, पण चष्मा नव्हता. मी वाचून दाखवले. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मला वाटले, नाराज झाल्या.

मग म्हणाल्या, "रोजा खजुराने सुटतो बेटी, भज्यांनी नाही."

त्या दिवसापासून दस्तरखानावर खजूर, एक फळ, सरबत आणि थेट जेवण. तळण फक्त शुक्रवारी. सहरीसाठी रात्रीच थोडे जास्त करून ठेवायचे. भांडी यांनी घेतली. सुरुवातीला हे कुरकुरले, मग सवय झाली. शेजारी ताट पाठवायचे ते मात्र अम्मींनी बंद होऊ दिले नाही. जे घरात असेल तेच पाठवू, म्हणाल्या.

माझा दिवस असा बसला. फज्रनंतर एक तास तार्किक प्रश्न, कारण तेव्हा पोट भरलेले आणि डोके ताजे असते. मिलमध्ये जेवणाच्या सुट्टीत इंग्रजी वर्तमानपत्रातला एक लेख. मराठी माध्यमामुळे उताऱ्यांची भीती होती. रोज एक लेख घड्याळ लावून वाचल्यावर ती निम्मी झाली. असरनंतर काहीही नाही. मार्चमधल्या अकोल्याच्या उन्हात रोजा असताना त्या वेळी डोके चालत नाही, हे मान्य करून टाकले. तरावीहनंतर अर्धा तास आकृत्यांचे प्रश्न आणि झोप. रविवारी एक पूर्ण सराव परीक्षा. शेवटच्या अशऱ्यात रात्रीचा अभ्यास बंद केला. त्या रात्री मला हव्या होत्या. भाऊ म्हणाला, गुण कमी होतील. मी म्हटले, होऊ देत.

३० मार्चला मगरिबनंतर सगळे गच्चीवर. मी चाँद शोधत होते आणि परीक्षाही डोक्यात होती. थोड्या वेळाने मशिदीतून घोषणा झाली. लेक नाचत खाली पळाली. मी तिथेच शुक्राचा सजदा केला.

ईदच्या दिवशी दुपारपर्यंत पाहुणे होते. शीरखुर्म्याच्या वाट्या मांडत असताना अम्मींनी हातातला चमचा काढून घेतला आणि म्हणाल्या, "बस निघून जाईल. जा." बासी ईदला लेकी माहेरी जातातच, मी एक दिवस आधी निघाले इतकेच. दारात त्यांनी मला जवळ घेतले आणि हळूच सांगितले, "लग्न होऊन आल्यापासून रमजानमध्ये माझे खत्म कधी पूर्ण झाले नव्हते. दरवर्षी दहा-बारा पारे राहायचेच. यंदा झाले."

एसटीत बसल्यावर वही उघडलीच नाही. घरात दोन बायका होत्या. अभ्यासाला वेळ मी एकटीने मागितला होता. दुसरीने तर कधी काही मागितलेच नव्हते.

परीक्षेत मी १६४ प्रश्न सोडवले. उरलेल्यांवर शेवटच्या पाच मिनिटांत अंदाजाने खूण केली. निकाल ८६ पर्सेंटाइलचा आला. मुंबई-पुण्याच्या नामांकित संस्थांना तो पुरणारा नाही. पण अकोल्यातच, घरापासून रिक्षाने जाता येईल अशा कॉलेजात केंद्रीभूत फेरीतून जागा मिळाली, शिक्षण शुल्काविना. मिलच्या शेठजींनी अर्ध्या दिवसाचे काम दिले आहे. पगारही अर्धा. महिनाअखेर ओढाताण होते, पण चालले आहे.

आता पुन्हा रमजान येतो आहे. ज्या भगिनींना परीक्षा द्यायची आहे त्यांना दोनच गोष्टी सांगेन. जातीचा दाखला, वैधता आणि नॉन-क्रीमी लेयर यांच्या मागे आजच लागा, त्यांना वेळ लागतो. आणि दोन दिवस, दर अर्ध्या तासाला, आपला वेळ कुठे जातो ते लिहून काढा. तो कागद घरातल्या सर्वांना दाखवा. सासूला आधी.

अम्मींनी यंदाही सांगून ठेवले आहे, तळण फक्त शुक्रवारी. अल्लाह त्यांना सेहत देवो आणि आपल्या सगळ्यांच्या वेळेत बरकत देवो. आमीन.