आजीचे वर्तुळ

मी बी. ए.ला मानवशास्त्र हा मुख्य विषय घेतला, तेव्हा आमच्या घरी कोणी पेढे वाटले नाहीत. "त्याचा पुढे उपयोग काय?" एवढेच वडिलांनी विचारले. काकांनी टोपी काढून मस्तक पुढे केले आणि म्हणाले, "हं, मोज! सुरुवात घरापासूनच होऊ दे." काकांचा विनोद अगदीच निराधार नव्हता. इरावतीबाई कर्वे यांनी बर्लिनला डॉक्टरेट मिळवली, ती कवट्यांच्या अभ्यासावरच. पण पुढे १९५३ साली त्यांचा भारतातल्या आप्तसंबंधांवरचा मोठा ग्रंथ निघाला, हे काकांना ठाऊक नव्हते. आणि खरे सांगायचे तर तोवर मलाही नव्हते. आजी मात्र बुचकळ्यात पडली. "माणसं शिकायला कॉलेजात कशाला जायला हवं रे? घरात का थोडी आहेत?"

या गोष्टीला आता पन्नास वर्षे होत आली. आजीचे म्हणणे मला पटले ते त्याच दिवाळीच्या सुट्टीत.

सरांनी सुट्टीत करायला काम दिले होते: आपल्या घराची वंशावळ मांडून आणा. पुरुषाला त्रिकोण, स्त्रीला वर्तुळ, लग्नाला दोन आडव्या रेघा. माहिती विचारायची ती रिव्हर्स या इंग्रज संशोधकाच्या रीतीने. टॉरस सामुद्रधुनीतल्या बेटांवर १८९८ साली त्याने ती प्रथम वापरली. 'भाऊ', 'काका' हे शब्द फसवे. म्हणून जन्म देणारे आईबाप, मूल, नवरा आणि बायको एवढेच विचारायचे आणि प्रत्येकाचे नाव टिपून घ्यायचे.

मला वाटले, तासाभराचे काम! काकांनी पेटीतून घराण्याची जुनी वंशावळ काढून दिलीच होती. पाहतो तो सात पिढ्यांत एकाही बाईचे नाव नाही. तेव्हा वही घेऊन माजघरात गेलो. आजी पणत्यांसाठी वाती वळत बसली होती.

"आजी, तुला भाऊ किती?"

"अकरा."

माझ्या कागदावर दोनच त्रिकोण बसत होते. आजी म्हणाली, "सख्खे दोनच रे. बाकीचे चुलत, मामे, आते. पण ओवाळताना मी कधी वेगळे मोजले नाहीत."

मी आजोबांचे नाव विचारले. त्यांना जाऊन दहा वर्षे झाली होती, तरी आजी लाजली. "ते तुझ्या काकांना विचार." नीलगिरीतले तोडा लोक मेलेल्या नातलगांची नावे घेत नसत, रिव्हर्सला ती दुसऱ्यांकडून मिळवावी लागली, असे त्याच्या १९०६ सालच्या ग्रंथात आहे. वर्गात ते ऐकून आम्ही हसलो होतो. आता तोच प्रकार आमच्या माजघरात!

"बरं, तुझं माहेरचं नाव?"

आजीचा हात थांबला. "कृष्णा," ती हळूच म्हणाली. "लग्नात ताटातल्या तांदळावर 'लक्ष्मी' लिहिलं, तेव्हापासून लक्ष्मी."

"आणि तुझ्या आईचं?"

"सासरी रमा म्हणत."

"माहेरचं?"

आजी बराच वेळ गप्प राहिली. मग हातातल्या वातीकडे पाहत म्हणाली, "विचारायचं राहिलंच की रे."

पणजीच्या वर्तुळात मी 'रमा' लिहिले आणि खाली माहेरच्या नावासाठी जागा सोडली.

भाऊबीजेला आजीचे थोरले भाऊ आले. त्यांनाही आईचे माहेरचे नाव सांगता आले नाही. ती जागा तशीच ठेवून मी कागद सरांना दिला. पण त्या दिवशी दुसरेच काही तरी कळले. मामाआजोबा दर वर्षी दारात काठी टेकून, दम खात "कृष्णा, कृष्णा" म्हणायचे. दमलेला म्हातारा देवाचे नाव घेतो आहे, असे मी लहानपणापासून समजत आलो होतो. त्या दिवशी तीच हाक आली, आणि आतून आजी लगबगीने म्हणाली, "आले रे, दादा!"