त्या गुडघ्याचं काय?

आमच्या वर्गातला एक मुलगा गेल्या हिवाळ्यात कबड्डीच्या स्पर्धेत पकड करायला गेला आणि गुडघा पिरगाळून बसला. दिवे होते, लाऊडस्पीकर होता, कमरेएवढा चषक होता. डॉक्टर नव्हता. पोरांनीच त्याला रिक्षात घालून पापडीला घरी आणलं.

दुसऱ्या दिवशी त्याची अम्मी शाळेत आली. "सर, तुम्हीच सांगा. याचं खेळणं बंद करू का?"

आम्हाला लगेच बोलता आलं नाही. वेड लावणारे आम्हीच. 1 मार्च 2024 ला हैदराबादेत पुणेरी पलटणनं हरियाणाला 28-25 असं हरवून प्रो कबड्डी पहिल्यांदा जिंकली. कर्णधार आपल्या नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार. उर्दूचा धडा बाजूला ठेवून आम्ही वर्गात तीच गोष्ट रंगवून सांगितली होती.

पुढचं मात्र सांगायचं राहिलं. पुढच्याच हंगामात अस्लमचा गुडघा दुखावला, तो बाहेर बसला. पण त्याच्या पाठीशी मोठा संघ होता. 2025 मध्ये तो परतला आणि पलटण पुन्हा अंतिम सामन्यात पोहोचली. आमच्या पोराच्या पाठीशी कोण? शिलाई मशीन चालवणारी अम्मी.

2014 पासून या लीगनं कबड्डीला पैसा दिला, हे खरंच. 2018 मध्ये यू मुंबानं इराणच्या फजल अत्राचलीला 1 कोटीला घेतलं तेव्हा आम्हीही टाळ्या पिटल्या. पण लिलावात नाव येण्याआधीची कित्येक वर्षं खेळाडू गावोगावच्या मातीवर काढतो. लीगच्या कमाईतला थोडा वाटा तिथं विम्याला, डॉक्टरला, चांगल्या मॅटला का जाऊ नये? 2025 चा हंगाम तर विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्लीत झाला. महाराष्ट्रात एकही सामना नाही! आणि मुलींसाठी 2016 मध्ये तीन संघांची छोटी स्पर्धा याच लीगनं भरवली, ती पुन्हा काही भरवली नाही.

अम्मीला आम्ही एवढंच म्हणालो, "आधी हाडांच्या डॉक्टरांकडे जाऊ, आम्ही सोबत येतो. ते हो म्हणेपर्यंत मैदान बंद."

ती उठली, दारात थांबली. "आणि सर, धाकटी? तीही खेळते. याच्यापेक्षा चढाई चांगली करते म्हणतात."

"खेळू द्या," आम्ही म्हणालो. "पण पुढच्या स्पर्धेला डॉक्टर आहे का, ते आधी विचारू."