जुन्या मैदानात परतल्यावर

जून २०२४ मध्ये मी अमेरिकेत मुलीकडे होते. बेसबॉलमधले मला काही कळत नाही. तरीही २० तारखेला सर्वांसोबत सामना पाहायला बसले. सामना अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम शहरात, ‘रिकवुड फील्ड’ या मैदानावर होता.

उद्योजक रिक वुडवर्ड यांनी उभारलेले हे मैदान १८ ऑगस्ट १९१० रोजी सुरू झाले. अमेरिकेत आज उभ्या असलेल्या व्यावसायिक बेसबॉल मैदानांत ते सर्वांत जुने मानले जाते. दुय्यम श्रेणीत खेळणारा ‘बॅरन्स’ हा गोऱ्यांचा संघ आणि ‘ब्लॅक बॅरन्स’ हा कृष्णवर्णीयांचा संघ, दोघांचेही मैदान हेच. मात्र दिवस वेगळे आणि प्रेक्षकांच्या बसण्याच्या जागाही वेगळ्या. पुढे जगप्रसिद्ध झालेले विली मेज १९४८ मध्ये, सतराव्या वर्षी, येथेच ब्लॅक बॅरन्सकडून खेळले. १९८७ च्या हंगामानंतर बॅरन्स नव्या मैदानावर गेले. जुन्याची निगा स्थानिक लोकांनी राखली. त्या दिवशीचा सामना मेज यांच्या सन्मानार्थ होता. परंतु दोनच दिवसांपूर्वी, वयाच्या ९३ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले होते.

सामन्याआधी ७८ वर्षांचे माजी खेळाडू रेगी जॅक्सन यांना विचारले गेले, येथे परत येऊन कसे वाटते? मला वाटले, ते गोड आठवणी सांगतील. त्यांनी सांगितले ते वेगळेच. १९६७ मध्ये ते येथील संघातून खेळत, तेव्हा रंगामुळे त्यांना उपाहारगृहात जेवू देत नसत, हॉटेलात राहू देत नसत. जेथे त्यांना जेवण नाकारले जाई, तेथे प्रशिक्षक संपूर्ण संघालाच जेवू देत नसत. सोबत्यांच्या अशा आधारावर आपण तगलो, हेही त्यांनी सांगितले. सारे ऐकत राहिले. कोणी त्यांना मध्येच थांबवले नाही.

मी मात्र माझ्या वडिलांना थांबवले होते. ते लालबागच्या एका गिरणीत कामगार होते. ८१ व्या वर्षी त्यांना हौसेने गिरणीच्या दाराशी नेले. तेथे ते १९८२ च्या संपाविषयी, आईच्या गहाण पडलेल्या मंगळसूत्राविषयी बोलू लागले. त्यांचा आवाज कापू लागला, तशी मी म्हणाले, “बाबा, जाऊ द्या. आता कशाला ते उगाळायचे?” ते गप्प झाले. तो विषय त्यांनी पुन्हा कधीच काढला नाही, आणि आज विचारावे तर ते नाहीत.

आपल्या घरातील ज्येष्ठांना जुनी शाळा, वाडा, कामाचे ठिकाण अवश्य दाखवा. मात्र तेथून आनंदच वर येईल, असे धरून चालू नका. डोळे भरून आले, तर घाईने विषय बदलू नका. तपशील चुकला, तरी दुरुस्त करू नका. शेजारी बसा, हात हाती घ्या आणि “मग काय झालं?” एवढेच विचारा. बोलायचे नसेल, तर आग्रहही नको. त्यानंतर झोप उडाली, जेवण तुटले किंवा उदासी दोन आठवडे टिकली, तर डॉक्टरांना दाखवा.

रक्तदाब मी रोज कितीतरी जणांचा मोजते. बाबांचे ते अर्धे राहिलेले बोलणे मात्र राहूनच गेले. तुमच्या घरी ते अजून ऐकता येईल.